भेगेची वाट: लेझरने घडवलेल्या टायटॅनियमचा उष्मोपचार आणि चिवटपणा

लेझरने थरावर थर देऊन घडवलेल्या टायटॅनियमच्या नमुन्यांवर काम करायला लागल्यानंतर ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त काळ बुचकळ्यात टाकले, ती दोन तक्त्यांमधली विसंगती होती. एका तक्त्यात टेन्साइल चाचणीचे, म्हणजे नमुना ओढून तोडण्याच्या चाचणीचे, निकाल होते, दुसऱ्यात फ्रॅक्चर टफनेसचे, म्हणजे धातू भेगेला किती अडवतो याचे, आणि दोन्हींतले नमुने एकाच पद्धतीने घडवून त्याच त्या उष्मोपचारांतून नेलेले होते. तुटण्यापूर्वी सर्वांत जास्त लांबणारा नमुना दुसऱ्या तक्त्यात कुठेतरी मध्यावर होता, आणि भट्टीत सर्वांत जास्त तापवून सावकाश थंड केलेला, टेन्साइल चाचणीत जवळजवळ तळाला गेलेला नमुना भेगेसमोर मात्र सगळ्यांहून खंबीर ठरला होता. मोजण्यात काही चुकले असेल असे वाटून मी खाचांची मापे, सुरुवातीच्या भेगेची लांबी आणि भाराचे आलेख पुन्हा तपासले, पण चूक सापडली नाही. पुढे तुटलेली पृष्ठे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत गेल्यावर लक्षात आले की ती विसंगती नव्हतीच. दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे मी एकच समजत होतो. या फरकाविषयी लिहावेसे वाटते, कारण उष्मोपचार निवडताना अजूनही बहुतेक वेळा पहिल्याच तक्त्याकडे पाहिले जाते.

टेन्साइल चाचणीतला नमुना गुळगुळीत असतो. तो किती ताण सोसतो आणि तुटण्यापूर्वी किती लांबतो, एवढेच ती चाचणी सांगते. त्या लांबण्याला आपण तन्यता म्हणतो. फ्रॅक्चर टफनेस, ज्याला मी या लेखात चिवटपणा म्हणणार आहे, तिथे सुरुवातच वेगळी आहे: वस्तूत भेग आधीपासून आहे असे धरायचे आणि ती भेग किती भारापर्यंत जागची हलत नाही, हे विचारायचे. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या तुटण्याचा अभ्यास करताना हा प्रश्न ऊर्जेच्या भाषेत मांडला, आणि अर्विन यांनी १९५७ मध्ये भेगेच्या टोकाजवळच्या ताणांची तीव्रता एका राशीत बांधून दाखवली. ती राशी मेगापास्कल रूट मीटर या एककात मोजतात. विमानाच्या सांगाड्यातल्या भागांची रचना करताना डोळ्यांना किंवा तपासणीच्या उपकरणाला न दिसलेली भेग आत असेलच असे धरून हिशेब करतात, म्हणून तिथे हा आकडा तन्यतेपेक्षाही निर्णायक ठरतो.

यातला एक छोटा हिशेब मला फार उपयोगी वाटतो. चिवटपणा ६० मेगापास्कल रूट मीटर आणि यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे ज्या ताणाला धातूचा आकार कायमचा बदलू लागतो तो ताण, ९०० मेगापास्कल धरली, तर भेगेच्या टोकाशी ज्या भागात धातूचा आकार कायमचा बदलतो, त्या भागाची त्रिज्या मिलिमीटरच्या साधारण एक चतुर्थांश एवढी येते. अल्फा या घन अवस्थेचे एक पाते जेमतेम मायक्रॉनभर जाडीचे असते. म्हणजे भेगेचे टोक एकट्या पात्याला कधीच भेटत नाही. ते एकाच वेळी शेकडो पात्यांच्या मांडणीला सामोरे जाते. पात्यांची जाडी, एका दिशेने रचलेल्या पात्यांच्या जुडग्याची रुंदी आणि मूळच्या बीटा कणांच्या (जास्त तापमानाला असणाऱ्या दुसऱ्या घन अवस्थेच्या स्फटिकांच्या) सीमा, या तिन्ही गोष्टी त्या पाव मिलिमीटरच्या वर्तुळात येतात किंवा त्याच्या आसपासच्या मापाच्या असतात. चिवटपणा हा मांडणीचा गुण आहे असे म्हणायचे ते यामुळे, आणि उष्मोपचार जे बदलतो ती मुख्यत्वे मांडणीच असते.

आता लेझरखालून बाहेर पडलेला धातू कसा असतो ते पाहू. उदाहरण म्हणून ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला, १९५४ पासून वापरात असलेला आणि सर्वत्र ‘सिक्स-फोर’ म्हणून ओळखला जाणारा मिश्रधातू घेतो. शुद्ध टायटॅनियम ८८२ अंश सेल्सिअसला आपली स्फटिकरचना बदलते. त्याखाली षट्कोनी अल्फा, त्यावर घनाकृती बीटा. ॲल्युमिनियम अल्फाला स्थिर करते, व्हॅनेडियम बीटाला, आणि दोन्हींचा मेळ बसून सिक्स-फोरमध्ये पूर्ण बीटा होण्याचे तापमान सुमारे ९९५ अंशांवर जाते. या तापमानाला बीटा ट्रान्सस म्हणतात, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात ते येणार आहे. लेझरच्या झोताखाली धातूचे एक छोटे डबके तयार होते, ते खालच्या थराला चिकटून गोठते, आणि गोठताना नवे कण जन्माला घालण्याऐवजी खालच्याच कणांना पुढे वाढवत नेते. याचा परिणाम म्हणून बीटाचे कण एका थरातून दुसऱ्या थरात, असे कित्येक थर ओलांडत उभ्या खांबांसारखे वाढतात. पुढे थंड होताना त्या खांबांच्या पोटात अल्फा तयार होतो, पण खांबांच्या सीमा जागच्या जागी राहतात.

अल्फा कोणत्या रूपात तयार होतो हे थंड होण्याच्या वेगावर ठरते. सिक्स-फोरमध्ये दर सेकंदाला सुमारे ४१० अंशांहून अधिक वेगाने तापमान उतरले, तर अणूंना जागा बदलायला वेळच मिळत नाही आणि सगळा बीटा सुयांसारख्या बारीक मार्टेन्साइटमध्ये बदलतो. दर सेकंदाला २० अंशांच्या खाली वेग असेल, तर अणू सावकाश हलून अल्फाची पाती आणि त्यांच्यामध्ये बीटाचे पातळ पापुद्रे अशी रचना होते. पावडरच्या पलंगावर बारीक झोताने काम करणाऱ्या पद्धतीत हा वेग ४१० च्या कितीतरी पुढे असतो, त्यामुळे तिथे मार्टेन्साइट जवळजवळ ठरलेला. नळीतून पावडर किंवा तार सोडत मोठ्या शक्तीच्या लेझरने जाड थर देण्याच्या पद्धतीत डबके मोठे असते, खालचा धातू गरम राहतो, आणि वरच्या थरांची उष्णता खालच्या थरांना पुन्हा पुन्हा भाजून काढते. त्यामुळे तिथला धातू बहुतेक वेळा टोपलीच्या विणीसारख्या, एकमेकींत गुंफलेल्या बारीक पात्यांचा असतो. दोन्ही पद्धतींना ‘लेझरचे टायटॅनियम’ एवढेच म्हणून एकाच उष्मोपचाराची शिफारस केलेली दिसते, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते, कारण भट्टीत जाणारा धातूच दोन्हीकडे वेगळा आहे.

इथे पोलादाची सवय असलेल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोलादाला पाणी दिले की कार्बन अडकून पडतो, मार्टेन्साइट अतिशय कठीण होतो आणि मग टेम्परिंग करून, म्हणजे पुन्हा बेताने तापवून, त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. टायटॅनियममधला मार्टेन्साइट तेवढा कठीण नसतो. त्यात अडकलेला व्हॅनेडियम हा टायटॅनियमच्याच जागी बसणारा अणू आहे, फटींत घुसणारा नाही. पाती बारीक असल्यामुळे आणि आत विस्थापनांची, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या ओळींमधल्या दोषांची, गर्दी असल्यामुळे सामर्थ्य वाढते खरे, पण चिवटपणा कमी होण्याचे कारण निव्वळ कठीणपणा नसते. बारीक, सगळीकडे सारख्याच सुयांच्या जंगलात भेगेला वळायला भाग पाडणारे काही मोठे नसते. ती जवळजवळ सरळ चालत जाते आणि तुटलेले पृष्ठ सपाट दिसते. पावडरच्या पलंगावर घडवलेल्या, उष्मोपचार न केलेल्या सिक्स-फोरच्या प्रसिद्ध मोजमापांत ३० मेगापास्कल रूट मीटरच्या खालचे आकडे सापडतात तसे ५० च्या वरचेही सापडतात. एवढी मोठी तफावत नुसत्या सूक्ष्मरचनेने पडत नाही. तिच्यात अंगात अडकलेल्या ताणांचा, पोकळ्यांचा आणि खाच कोणत्या दिशेला कापली याचाही वाटा असतो.

अंगातल्या ताणांपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण भट्टी पहिल्यांदा पेटवतात ती त्यांच्यासाठीच. ६०० ते ६५० अंशांना दोन ते चार तास ठेवले की घडवताना साठलेले ताण बऱ्याच अंशी उतरतात आणि भाग तळपट्टीवरून कापल्यावर वाकत नाही. चिवटपणाच्या आकड्यातही यामुळे सुधारणा दिसते, पण तिच्यातला काही भाग धातूचा नसून मोजमापाचा आहे: खाचेजवळ आधीच ओढ असेल तर ती बाहेरच्या भारात मिळते आणि धातू आहे त्याहून दुबळा दिसतो. या तापमानाला मार्टेन्साइटचे विघटन सुरू होते, परंतु पाती अजून बारीकच राहतात, त्यामुळे भेगेची वाट फारशी बदलत नाही. ताण उतरवणे हा आवश्यक टप्पा आहे, चिवटपणासाठी केलेला उपचार नव्हे.

७०० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात मार्टेन्साइट पूर्णपणे अल्फा आणि बीटामध्ये विभागला जातो. व्हॅनेडियम पात्यांच्या कडांकडे सरकून तिथे बीटाचे पातळ थर तयार होतात, विस्थापनांची गर्दी ओसरते, आणि तन्यता ठळकपणे वाढते. ८०० अंशांना दोन तास ठेवून भट्टीतच थंड करणे हा उपचार इतका रूढ आहे तो याच कारणासाठी. पलंग पद्धतीसाठीच्या, एएसटीएम या मानक संस्थेच्या एफ२९२४ या मानकात किमान ८९५ मेगापास्कल टेन्साइल स्ट्रेंथ, ८२५ मेगापास्कल यील्ड स्ट्रेंथ आणि १० टक्के लांबीवाढ अपेक्षित आहे, आणि घडवणी चांगली असेल तर या उपचाराने ते गाठता येते. पहिला तक्ता इथे समाधानी होतो. दुसरा तक्ता अजून निम्म्या वाटेवरच असतो.

९०० अंशांच्या वर गेल्यावर बीटाचा वाटा झपाट्याने वाढतो, उरलेली अल्फाची पाती जाड होतात, आणि आता थंड करण्याचा वेग तापमानाइतकाच महत्त्वाचा होतो. सावकाश थंड केले तर वाढलेला बीटा परत जुन्या पात्यांनाच येऊन मिळतो आणि पाती आणखी जाड होतात. हवेत थंड केले तर जाड पात्यांच्या मधल्या जागेत अतिशय बारीक दुय्यम अल्फा उगवतो. पाण्यात बुडवले तर त्या जागेत पुन्हा मार्टेन्साइट येतो आणि घडवणीनंतर घालवलेला दोष आपण आपल्या हातांनी परत आणतो, मग त्याला पुन्हा ठरावीक तापमानाला मुरवावे लागते. या तिघांपैकी मधला प्रकार मला सर्वांत आश्वासक वाटतो. जाड पाते भेगेला वळवते, बारीक दुय्यम अल्फा सामर्थ्य सांभाळतो, आणि दोन मापांची रचना एकाच धातूत नांदते.

घडाई केलेल्या टायटॅनियमवर वर्षानुवर्षे काम केलेले लोक इथे साहजिक प्रश्न विचारतात की एवढे तापवल्यावर अल्फाचे गोल कण का मिळत नाहीत. गोल कण मिळण्यासाठी धातूला आधी कुटलेले किंवा लाटलेले असावे लागते; पात्यांमध्ये साठलेली विकृती उष्णता मिळाल्यावर त्यांना तोडते आणि तुकडे गोल होतात. लेझरने घडवलेल्या भागाला कोणी हातोडा मारलेला नसतो. मार्टेन्साइटमधली विस्थापने आणि पुन्हा पुन्हा वरखाली केलेले तापमान यांच्या जोरावर काही पाती तुटतात, पण मोठ्या प्रमाणावर गोल कण त्यातून निघत नाहीत. म्हणून बीटा ट्रान्ससच्या खाली राहून उष्मोपचाराने मिळते ती पात्यांचीच रचना, कमीअधिक जाडीची. चिवटपणाच्या दृष्टीने ही अडचण नसून सोय आहे: घडाईच्या सिक्स-फोरमध्ये गोल कणांच्या रचनेचा चिवटपणा साधारण ४४ ते ६६ मेगापास्कल रूट मीटर, तर पात्यांच्या रचनेचा ८८ ते ११० मानला जातो.

ट्रान्ससच्या वर गेल्यावर मात्र सगळाच खेळ नव्याने मांडला जातो. अल्फा संपूर्ण विरघळतो, उभे खांब हळूहळू मोडून सर्व बाजूंनी सारख्या आकाराचे मोठे बीटा कण होतात, आणि त्यांची वाढ रोखायला अल्फा शिल्लक नसल्यामुळे ते भराभर फुगतात. अशा धातूला भट्टीतच सावकाश थंड केले की प्रत्येक मोठ्या कणाच्या सीमेवर अल्फाची सलग पट्टी बसते आणि तिथून आत एका दिशेने चालणाऱ्या पात्यांचे रुंद जुडगे वाढतात. बर्गर्स यांनी १९३४ मध्ये झिर्कोनियमवर दाखवलेल्या दिशासंबंधानुसार एका बीटा कणातून अल्फा बारा वेगवेगळ्या दिशांनी निघू शकतो. वेगाने थंड केल्यावर या बारांपैकी अनेक दिशा एकमेकींत गुंफतात, सावकाश थंड केल्यावर एकेक दिशा मोठा मुलूख व्यापते. गुळगुळीत नमुन्याला हे रुंद जुडगे मानवत नाहीत, कारण एका जुडग्यात सगळी पाती एकाच दिशेची असल्याने घसरण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड चालते, सीमेवर ताण साठतो आणि तिथे लवकर भेग जन्मते. तन्यता उतरते ती यामुळे. पण भेग आधीच तिथे असेल, तर तेच रुंद जुडगे तिची वाट अडवतात.

माझ्या पहिल्या तक्त्यातला तळाचा नमुना याच जातीचा होता. त्याच्या तुटलेल्या पृष्ठाचा छेद घेऊन, घासून, हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या पातळ मिश्रणाने उठाव दिल्यावर भेगेची वाट स्पष्ट दिसली. एका जुडग्यात ती पात्यांच्या कडेने चालली होती, दुसऱ्या जुडग्याच्या सीमेवर पोचताच मोठ्या कोनात वळली होती, काही ठिकाणी दुभंगून तिची एक शाखा बाजूला जाऊन थांबली होती, आणि मुख्य भेगेच्या दोन्ही बाजूंना छोट्या भेगा विखुरलेल्या होत्या. प्रत्येक वळणावर भेगेच्या टोकाशी पोचणारी ओढ घटते, प्रत्येक शाखा थोडी ऊर्जा खाते, आणि खडबडीत पृष्ठ तयार करायला सपाट पृष्ठापेक्षा जास्त काम लागते. फक्त ८०० अंशांचा उपचार केलेल्या नमुन्यात भेग वळत होती, पण ती वळणे इतकी बारीक होती की पाव मिलिमीटरच्या त्या वर्तुळाला ती जाणवलीही नसतील. चिवटपणासाठी वळणाचे माप मोठे लागते. तो छेद पाहिल्यावर मला दुसरा तक्ता पहिल्यांदा समजला.

यावरून सगळे भाग ट्रान्ससच्या वर नेऊन सावकाश थंड करावेत, असे मी सुचवत नाही. सामर्थ्य उतरते, तन्यता मानकाच्या खाली जाऊ शकते, आणि वारंवार भार येणाऱ्या भागात भेग जन्माला येण्याचा काळ कमी होतो. माझे मत असे आहे की जाड थरांच्या पद्धतीने घडवलेल्या मोठ्या, भेगेचा हिशेब धरून रचलेल्या भागांसाठी ट्रान्ससच्या थोडे खाली तापवून हवेत थंड करणे आणि त्यानंतर दुसऱ्यांदा कमी तापमानाला मुरवणे हा मार्ग प्रथम पाहावा. ६.५ टक्के ॲल्युमिनियम, २ टक्के झिर्कोनियम, १ टक्का मॉलिब्डेनम आणि १ टक्का व्हॅनेडियम असलेला टीए१५ आणि मॉलिब्डेनम व सिलिकॉनयुक्त टीसी११ या चिनी मिश्रधातूंवर लेझर घडवणीत जे काम झाले आहे, त्यात ट्रान्ससच्या जवळ केलेल्या उपचारानंतर जाड अल्फाच्या टोकांना खेकड्याच्या नांग्यांसारखे फाटे फुटलेले दिसतात. दुय्यम अल्फा त्या टोकांवर उगवून सावकाश वाढल्यामुळे असा आकार येतो. थंड होण्याचा वेग थोडा चुकला, तर नांग्या दिसत नाहीत आणि गुणही बदलतात.

बीटाला जास्त झुकलेले मिश्रधातू, उदाहरणार्थ ५ टक्के ॲल्युमिनियम, ५ टक्के मॉलिब्डेनम, ५ टक्के व्हॅनेडियम आणि ३ टक्के क्रोमियमचा, यांची गोष्ट उलट्या टोकापासून सुरू होते. त्यांचा ट्रान्सस साधारण ८५० अंशांच्या आसपास असतो, लेझरखालून ते जवळजवळ संपूर्ण बीटा म्हणून बाहेर पडतात आणि मार्टेन्साइटचा प्रश्न येत नाही. तिथे कमी तापमानाला मुरवल्यावर उगवणारा अतिबारीक अल्फा सामर्थ्य फार वर नेतो आणि चिवटपणा तितकाच खाली आणतो. ट्रान्ससच्या वरून सावकाश थंड करून मग मुरवल्यास जाड पाती मिळतात आणि चिवटपणा परत येतो.

आता ज्या गोष्टी भट्टीने सुधारत नाहीत किंवा उलट बिघडवतात, त्यांच्याकडे येतो. पहिली म्हणजे खांबांच्या सीमेवरची अल्फाची सलग पट्टी. ट्रान्ससच्या खालच्या कोणत्याही उपचाराने ती पुसली जात नाही, बऱ्याचदा जाडच होते. ओढ खांबांना आडवी लागली की ही पट्टी थेट उघडण्याच्या दिशेने ताणली जाते आणि भेगेला तयार रस्ता मिळतो. ओढ खांबांच्या लांबीच्या दिशेने लागली तर भेगेला खांब आडवे कापत जावे लागते. एकाच तुकड्यातून, एकाच उपचारानंतर दोन दिशांना काढलेले नमुने वेगळे आकडे देतात ते याचसाठी. दिशा न सांगता दिलेला चिवटपणाचा आकडा मी आता स्वीकारत नाही.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. मानकाप्रमाणे सिक्स-फोरमध्ये तो कमाल ०.२० टक्के आणि अधिक शुद्ध प्रकारात ०.१३ टक्के चालतो. हे दोन आकडे कागदावर जवळजवळ वाटतात, पण ऑक्सिजन अल्फाच्या फटींत बसून विस्थापनांची हालचाल एकाच पातळीत कोंडतो, त्यामुळे चिवटपणात या दोहोंमध्ये खरे अंतर पडते. पावडर पुन्हा पुन्हा वापरली की ऑक्सिजन थोडा थोडा वाढत जातो, आणि एकदा आत शिरलेला ऑक्सिजन कोणत्याही भट्टीत बाहेर निघत नाही. हायड्रोजन मात्र निर्वात भट्टीत काढता येतो. भट्टीतले वातावरण निर्वात किंवा शुद्ध आर्गॉनचे नसेल, तर पृष्ठावर ऑक्सिजनने भरलेले ठिसूळ कवच तयार होते आणि आतला धातू कितीही चिवट असला तरी भेग त्या कवचात जन्मून आत येते. घासून किंवा आम्लात बुडवून ते काढावेच लागते.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन दोन्ही वरच्या मर्यादेला असलेला मिश्रधातू साधारण ५०० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात दीर्घकाळ राहिला, तर अल्फाच्या आत टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या तीन-एक प्रमाणातल्या संयुगाचे अतिसूक्ष्म सुव्यवस्थित कण उगवतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काहीच वेगळे दिसत नाही, सामर्थ्य थोडे वाढलेले दिसते, आणि चिवटपणा गुपचूप उतरतो. मोठा भाग भट्टीत फार सावकाश थंड केला, तर तो या पट्ट्यातून रेंगाळत जातो. टायटॅनियम उष्णतेचा मुळात मंद वाहक असल्याने जाड भागाच्या पोटात हे अधिकच घडते. वरच्या तापमानात सावकाश आणि सुमारे ७०० अंशांच्या खाली चपळाईने थंड करणे, ही साधी काळजी इथे कामी येते.

पोकळ्यांचा प्रश्न निव्वळ तापवून सुटत नाही. दोन थर नीट न वितळता राहिलेली सपाट फट ही आयती भेगच असते, आणि सूक्ष्मरचना कितीही सुधारली तरी ती तिथेच राहते. तिच्यासाठी उष्णता आणि सर्व बाजूंनी दाब एकत्र देणारी हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगची भट्टी लागते. सिक्स-फोरसाठी मानकात ८९५ ते ९५५ अंश, किमान १०० मेगापास्कल दाब आणि १८० मिनिटे, साठ मिनिटे इकडेतिकडे, असा पट्टा दिलेला आहे. या प्रक्रियेला पोकळ्या मिटवणारी म्हणून ओळखतात, पण ९०० अंशांच्या वर काही तास म्हणजे तो उष्मोपचारच असतो: पाती जाड होतात, यील्ड स्ट्रेंथ उतरते, चिवटपणा वाढतो. त्यानंतर आणखी वेगळा उपचार करायचा असेल, तर एक धोका लक्षात ठेवावा लागतो. पोकळीत अडकलेला आर्गॉन टायटॅनियममध्ये विरघळत नाही. तो दाबून इवलासा होतो एवढेच. दाब नसलेल्या भट्टीत पुन्हा ट्रान्ससच्या वर नेल्यास अशा पोकळ्या परत फुगू शकतात. पृष्ठाशी जोडलेल्या पोकळ्या तर मिटतच नाहीत, कारण दाब देणारा वायू त्यांच्या आतही शिरतो.

मोजमापाबद्दल एक आग्रह मांडतो. एएसटीएम ई३९९ प्रमाणे काढलेला आकडा खऱ्या अर्थाने धातूचा गुण मानायचा तर नेहमीच्या प्रमाणाच्या नमुन्याची जाडी, चिवटपणा भागिले यील्ड स्ट्रेंथ याच्या वर्गाच्या अडीच पटींहून जास्त हवी. ८० मेगापास्कल रूट मीटर आणि ९०० मेगापास्कल धरले, तर ही जाडी जवळजवळ २० मिलिमीटर येते. ५५ आणि १००० धरले, तर साडेसात मिलिमीटर पुरते. म्हणजे उष्मोपचार जितका यशस्वी, तितका नमुना जाड लागतो, आणि १० मिलिमीटरच्या एकाच मापाच्या नमुन्यांवर सगळ्या उपचारांची तुलना केली, तर कमकुवत नमुन्याचा आकडा वैध आणि चिवट नमुन्याचा केवळ तात्पुरता असतो. असे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडू नयेत. जाड नमुना घडवणे शक्य नसेल, तर ई१८२० मधल्या पद्धतीने भेग वाढतानाची ऊर्जा मोजावी, तीच तुलना प्रामाणिक होते.

अलीकडे उष्मोपचाराची मागणी लिहिताना मी तापमान आणि वेळ एवढ्यावर थांबत नाही. त्या विशिष्ट पावडरचा मोजलेला बीटा ट्रान्सस किती, भट्टीचे तापमान त्याच्यापेक्षा किती अंश खाली किंवा वर, भागाच्या पोटात बसवलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीने) नोंदलेला थंड होण्याचा वेग ट्रान्ससपासून ७०० अंशांपर्यंत किती आणि त्याखाली किती, हे सगळे लिहून देतो. भट्टीत भागाबरोबर त्याच थरांतून घडवलेला, त्याच जाडीचा एक साक्षीदार तुकडा ठेवायला सांगतो. आणि त्या तुकड्यातली खाच कोणत्या दिशेला कापायची हे चाचणी करणाऱ्याच्या सोयीवर न सोडता, प्रत्यक्ष भागात भेग जिथून जाण्याची भीती आहे त्याच दिशेला ती कापावी, असे आराखड्यावर बाण काढून दाखवतो.